हो, आणि उलटं

मास्तरीणबाई शाळेत फार गेल्या नव्हत्या. गेल्या तेवढ्या दिवसांतही त्यांचं लक्ष फळ्यापेक्षा शिकवणाऱ्या बाईंच्या बाहीच्या शिवणीकडे असायचं. पण गल्लीत कोणी नवीन राहायला आलं, की चार दिवसांत मुलाची वही घेऊन त्यांच्या दारात हजर. "मास्तरीणबाई, एवढं गणित दाखवता का?" मग बाईंना सांगावं लागायचं, "अहो, आमचे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणातले. गणित विचारायचंच असेल तर कंबरेचं विचारा."

खाली दुकान, वर घर आणि मधे एक अरुंद जिना, एवढा त्यांचा संसार. दारापाशी उजेडात पायाची मशीन, तिच्यामागे कापड बेतायचं लांब टेबल आणि भिंतीला कोपऱ्यात टवका उडालेला आरसा. त्या आरशापुढे गल्लीतला प्रत्येक पुरुष एकदा तरी पोट आत घेऊन उभा राहिलेला. बेतायचं आणि मशीनवर शिवायचं काम मास्तरांचं. काज, बटणं, अस्तराची हातशिलाई बाईंची. मशीनला बाईंनी पाय लावायचा नाही, हा मास्तरांचा एकच कायदा. "तुझा पाय जड आहे," असं ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, "हलका असता तर केव्हाच निघून गेले असते. जड आहे म्हणून तुमचा संसार टिकलाय."

मास्तर बोलायला महाकंजूष. जन्मभर ओठांत टाचण्या धरून काम केलेला माणूस. तोंड उघडायचं म्हणजे आधी टाचण्या काढाव्या लागणार. तेव्हा टाचण्यांच्या फटीतून सुटतील तेवढेच शब्द ते वापरायचे. गिऱ्हाईक विचारायचं, "मास्तर, गुरुवारी मिळेल ना?" मास्तर म्हणायचे, "हो." गुरुवारी काही मिळणार नाही हे गिऱ्हाइकालाही माहीत असायचं. पण शिंप्यानं हो म्हणायचं आणि गिऱ्हाइकानं मान डोलवायची, ही जगरहाटी. 'नाही' हा माल मास्तरांच्या दुकानात मिळतच नव्हता. दुसरा शब्द होता 'उलटं'. तो खास बाईंसाठी. काळ्या कापडाची सुलटी बाजू कुठली आणि उलटी कुठली, हे बाईंना पटकन कळत नसे. मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणत, "उलटं." की बाई कापड फिरवून घेत.

तर अशा मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं.

सकाळची वेळ होती. मास्तर कोटाचं कापड बेतत होते आणि बाई काज करत होत्या. कात्रीचा आवाज मधेच थांबला म्हणून त्यांनी वर पाहिलं, तर कात्री खडूची रेघ सोडून भलतीकडेच घुसलेली. मास्तरांनी आयुष्यात कधी रेघ सोडली नव्हती.

"अहो, कापड गेलं की," बाई म्हणाल्या.

मास्तर त्यांच्याकडे पाहत होते. उसवलेल्या शिवणीसारखी त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू खाली लोंबत होती.

दुकानाबाहेर पदपथावर किल्लीवाला बसायचा, मास्तरांचा जुना दोस्त. बाईंची हाक ऐकून तो कोणाचं तरी कुलूप अर्धवट उघडलेलं तसंच टाकून धावला. त्यानंच गाडी बोलावली, त्यानंच मास्तरांना उचललं. ते कुलूप पुढे कितीतरी दिवस त्याच्या पेटीत पडून होतं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई समजुतीच्या होत्या. म्हणाल्या, "वेळेवर आणलंत म्हणून जीव वाचला. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलंय. सुधारेल, पण घाई करून चालायचं नाही. त्यांना कळतंय सगळं, बरं का. शब्द सापडत नाहीत, एवढंच." आणि घरी सोडताना तिथल्या नर्सनं बजावलं, "एका कुशीवर फार वेळ ठेवू नका. अंगाला जखमा होतात. कूस बदलत राहा."

बाकीचं सगळं बाईंच्या एका कानातून शिरलं नि दुसऱ्यातून गेलं. कूस बदलायचं मात्र त्यांनी गाठ मारून ठेवलं.

घरी आले तेव्हा मास्तरांच्या गाठीला दोनच शब्द उरले होते. एक 'हो' आणि एक 'उलटं'. बाकी सगळं भांडार वाऱ्यानं उडवून नेलं होतं. बायकोचं नाव गेलं, लेकीचं गेलं, स्वतःचंसुद्धा गेलं.

"काय गंमत आहे बघ," बाई लेकीला म्हणाल्या. "हा माणूस जन्मात मला कधी उलटून बोलला नाही. आता तोंड उघडतो तर काय, 'उलटं'."

लेक हसली आणि तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

आता अंथरुणाला खिळलेला माणूस 'उलटं' म्हणाला, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? बाईंना जराही शंका नव्हती. उलटं म्हणजे कूस बदला. नर्सनं सांगितलंच होतं.

"चहा देऊ?" बाई विचारायच्या.

"हो," मास्तर म्हणायचे. मग त्यांच्या कपाळाला आठी पडायची, डोळे मिटायचे, जड ट्रंक ओढावी तसा सगळा जीव ओढून ते दुसरा शब्द बाहेर काढायचे. "उलटं."

की बाईंनी कप ठेवला, खांद्याखाली एक हात आणि कंबरेखाली एक हात घातला आणि मास्तर भिंतीकडे.

"आता बरं वाटतंय ना?"

मास्तर भिंतीकडे बघून एक लांब उसासा सोडायचे. बाई चहा घेऊन पलंगाच्या पलीकडे जायच्या. मास्तर ओठ मिटून घ्यायचे. "हो म्हणता आणि पीत नाही," बाई कुरकुरायच्या. "एवढंसं पोर परवडलं तुमच्यापेक्षा." आणि निवलेला चहा स्वतः पिऊन टाकायच्या. त्या दिवसांत बाईंना इतका चहा प्यावा लागला, की त्यांचीच झोप उडाली.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की किल्लीवाला वर यायचा. यायचा तो त्याच त्या विनोदासकट. त्याचं शर्टाचं कापड किती वर्षांपासून मास्तरांकडे पडून होतं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"काय मास्तर, माझा शर्ट गुरुवारी मिळेल ना?"

"हो," मास्तर म्हणायचे, आणि डाव्या बाजूच्या अर्ध्या तोंडानं हसायचे.

"बघा वहिनी. वारं सगळं घेऊन गेलं, पण शिंप्याची थाप काही नेली नाही." मग तो रेडिओकडे हात करायचा. "बातम्या लावू?"

"हो," मास्तर म्हणायचे. आठी. डोळे बंद. "उलटं."

मग हा खांद्याकडून आणि बाई पायांकडून, असे दोघं मिळून मास्तरांना फिरवायचे आणि वर बातम्याही लावायचे. किल्लीवाला कपाळाचा घाम पुसत म्हणायचा, "पूर्वी मशीनवरून दिवस दिवस हलत नव्हता. आता सारखी कूस बदलायचा नाद लागलाय ह्याला."

हळूहळू मास्तर खुर्चीत बसायला लागले. व्यायाम करून घेणारा एक दांडगा माणूस यायचा. त्यानं काठी धरून त्यांना उभं केलं, जिन्याच्या तोंडापर्यंत चालवलं आणि दोन-तीन पायऱ्या उतरवून परत चढवलं. त्याचा एक मंत्र होता, तो सारखा म्हणायचा, "चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी." मास्तर मान हलवायचे. बाईंच्या डोक्यात धड आणि अधू यांची कायम अदलाबदल व्हायची.

आणि आठवड्यातून एकदा वाचा शिकवणारी ताई यायची. चुणचुणीत मुलगी, पिशवीत चित्रंच चित्रं. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "आजी, त्यांना एक विचारायचं आणि थांबायचं. आपण गप्प बसायचं. शब्द यायला वेळ लागतो त्यांना. आणि घरी काय काय बोलतात ते मला सांगायचं."

"बोलतात कुठे?" बाई म्हणाल्या. "हो म्हणतात. आणि कूस बदलायची असली, की तसं सांगतात."

ताईनं ते तसंच लिहून घेतलं. आता घरच्या माणसाचं म्हणणं खोटं कोण धरणार?

एकदा ताईनं छत्रीचं चित्र धरलं. "आजोबा, हा पंखा आहे?"

"हो," मास्तर म्हणाले. कपाळावर आठी चढायला लागली. "उ..."

"दमले हो," म्हणत बाई पुढे झाल्याच. "कधीचे बसलेत." ताई काही विचारायला तोंड उघडते तोवर मास्तर आडवे, आणि भिंतीकडे तोंड. ताईनं चित्र पिशवीत टाकलं. बाईंच्या झपाट्यापुढे भल्याभल्यांचं काही चालायचं नाही, तिथे ती कालची पोर काय करणार?

दिवस उलटले, महिने उलटले. खाली दुकानाचं शटर बंदच. जिन्यातून येता-जाता बाईंना धुळीचा आणि बंद कापडाचा वास यायचा, आणि त्या भराभर पावलं टाकायच्या.

लेक पलीकडच्या गल्लीत राहायची आणि चष्म्याच्या दुकानात काम करायची. लोकांना जवळचं-लांबचं दाखवण्यात तिचा दिवस जायचा. संध्याकाळी ती आईकडे यायची. आईचे सुजलेले पाय, आईची वाकलेली पाठ, हे मात्र तिला चष्म्याशिवाय दिसत होतं.

"आई, दुकान देऊन टाकू या," ती एक दिवस म्हणाली. "त्या मोबाइलच्या कव्हरवाल्याला भाड्यानं हवंय. मशीन शिवणवर्गाला देऊ, निदान वापरात तरी राहील. नाहीतर गंजून जाईल."

"त्यांना विचार," बाई म्हणाल्या. त्यांना वाटलं होतं, मास्तर हे ऐकून धड हातानं पलंगावर बुक्की मारतील. निदान आरडाओरडा तरी करतील.

लेक पलंगापाशी खाली बसली. बापाचा अधू हात तिनं हातात घेतला. "बाबा, दुकान भाड्यानं देऊ या का? मशीनही देऊ. तुम्ही म्हणाल तरच हं."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

लेकीनं सुस्कारा सोडला. मास्तरांच्या कपाळाला आठी चढली, मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या. फार वेळ लागला या खेपेला. "उलटं."

"आई, धर," लेक म्हणाली. दोघी आता त्यात तरबेज झाल्या होत्या. एका झटक्यात मास्तर भिंतीकडे. त्यांचे खांदे हलत होते. बाईंनी वाकून पाहिलं, तर डोळ्यांतून पाणी.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना," लेक हळूच म्हणाली, "अशा आजारात माणूस उगीचच रडतं म्हणून."

"हो गं. उगीचच," बाई म्हणाल्या.

पण त्यांच्या मनाला ते लागलं ते लागलंच. ज्या मशीनला हा माणूस मला पाय लावू देत नव्हता, ती ह्यानं एका 'हो'वर देऊन टाकली? भांडला नाही, तंडला नाही? बाईंना वाटलं, ह्यानं आता आशाच सोडली. आणि ह्यानंच सोडली तर आपण कोणाच्या भरवशावर एवढी मरमर करतोय? वर स्वतःशी पुटपुटल्याही, "गिऱ्हाइकाला हो, लेकीला हो, रोगालासुद्धा हो. नाही म्हणून म्हणता येत नाही ह्या माणसाला."

कव्हरवाल्याशी बोलणं पक्कं झालं. तो माप घ्यायला आणि किल्ली न्यायला यायचा होता, त्या दिवशी दुपारी बाई खाली जाऊन राहिलेली गाठोडी वर घेऊन आल्या. लोकांची कापडं परत तरी करायला हवीत. सगळ्यात तळाशी निघालं किल्लीवाल्याच्या शर्टाचं कापड. मास्तरांनी ते बेतून ठेवलेलं होतं. बारीक निळ्या रेघांचे तुकडे, एकावर एक, टाचणी लावलेले. म्हणजे अगदीच थाप नव्हती म्हणायची.

"एवढा तरी देऊन टाकू त्या बिचाऱ्याला," बाई म्हणाल्या. मशीनला पाय लावायचा नाही, तर हातानं शिवू. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बाई शेजारी बसल्या, सुईत दोरा ओवायला चार वेळा चुकल्या. लेकीनं दिलेला चष्मा होता, पण तो त्या जपून पेटीत ठेवत. खराब होईल म्हणून. मग त्यांनी खिसा घेतला आणि छातीच्या तुकड्यावर टाचायला सुरुवात केली.

"उलटं," मास्तर म्हणाले.

बाईंनी सुई कापडात खोचली. "आत्ता तर बसवलंय तुम्हाला. जरा बसा की माणसासारखे." आणि सवयीनं उठून त्यांनी मास्तरांच्या काखेत हात घातले.

मास्तरांनी डाव्या हातानं शर्टाचा तुकडा घट्ट धरला. बाई ओढतायत, मास्तर सोडत नाहीत. "उलटं," ते पुन्हा म्हणाले, आणि खिशाची कड अंगठा-बोटात धरून चोळली. कापड चोळून बघायची ती त्यांची जुनी तऱ्हा.

बाईंनी वाकून पाहिलं. शर्टावरच्या रेघा ठसठशीत निळ्या आणि खिशावरच्या फिकुटलेल्या. खिशाची उलटी बाजू वर आली होती.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, आणि मास्तरांना सोडून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "खिसा उलटा लागलाय, असं म्हणताय होय? मग तुम्हाला पडायचं नाहीये?"

हे विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं, हा प्रश्न असा धड नाही, 'हो' आलं तरी काय ते कळायचं नाही. त्यांनी तो सुलटा करून घेतला. "पडायचंय का तुम्हाला?"

"हो," मास्तर म्हणाले.

बाईंचा हात पुढे गेलाच होता. पण त्यांना ताईचं आठवलं. विचारायचं आणि थांबायचं. गप्प बसायचं. बाईंनी खाली बसून तो हात मांडीखाली दाबून धरला, नाहीतर त्यानं काही ऐकलं नसतं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. डोळे मिटले. बाई थांबल्या.

"उलटं," मास्तर म्हणाले, आणि डोळे उघडून बाईंकडे पाहत राहिले.

कोणी कोणाला हलवलं नाही.

"चहा हवाय?" बाईंनी विचारलं.

"हो. ... उलटं."

"पाणी?"

"हो." बाई थांबल्या. आणखी थांबल्या. दुसरा शब्द आलाच नाही. पाणी दिलं, तर मास्तर घटाघटा सगळं प्यायले.

"मी शहाणी आहे का?"

"हो," मास्तर म्हणाले. डावा गाल हलायला लागला. "उलटं."

बाई इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीचा पाय धरावा लागला. त्यांना आता सगळं लख्ख दिसत होतं. 'नाही' हा शब्द मास्तरांजवळ उरलाच नव्हता. होता फक्त 'हो'. पूर्वी कोणाचा कोट वरून झिजला, की मास्तर तो सगळा उसवायचे, आतली बाजू बाहेर काढायचे, पुन्हा शिवायचे, आणि कोट नवा. तसंच त्यांनी शब्दाचं केलं होतं. 'हो' घेतला आणि तो उलटवला. झाला 'नाही'. एवढा सोपा हिशोब, आणि ज्या बाईला जन्मभर 'उलटं' ऐकून कापड फिरवायची सवय, तिनं या खेपेला कापडाऐवजी माणूस फिरवला.

आणि मग हसता हसता बाई एकदम थांबल्या.

त्यांनी पदराआड लपवावं तसं तोंड हातानं झाकलं. मग हात काढला. सावकाश, एकेक शब्द टाका घातल्यासारखा घालत विचारलं, "दुकान द्यायचंय का?"

"हो."

खाली किल्लीवाल्याची कानस खरखरत होती.

"उलटं," मास्तर म्हणाले.

"आणि त्या दिवशी आम्ही दोघींनी तुम्हाला..." बाई म्हणाल्या. मास्तरांनी डावा हात उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. तिथेच राहू दिला.

संध्याकाळी लेक कव्हरवाल्याला घेऊनच आली. त्याला खाली दुकानात सोडून ती वर आली. बाईंनी सगळं सांगितलं. ती ओठ आवळून ऐकत राहिली.

"आई, तुला जे ऐकायचंय तेच तू ऐकतेयस. बाबा सगळ्यालाच उलटं म्हणतात."

"सगळ्याला नाही. तू विचार, आणि थांब."

"आणि समजा, खरंच नाही म्हणाले. मग? चालवणार कोण दुकान? हात उचलत नाही त्यांचा. तू पडलीस तर तुम्हा दोघांना मी एकटी कशी उचलू, सांग?"

हे बोलताना तिचा आवाज फाटला. ती चुकीचं काहीच बोलत नव्हती. "चालवायचं कोणी ते मग बघू," त्या म्हणाल्या. "आधी माणूस काय म्हणतोय ते तर ऐकू."

तेवढ्यात खालून आवाज आला. सर्रर्र, खटक. लोखंडी टेप. पाठोपाठ कव्हरवाल्याचा मोठा आवाज, "हे टेबल आधी हलवू. इथे काचेचं कपाट बसेल."

मास्तरांनी काठी घेतली आणि ते उठले. कोणी उठवलं नाही, आपणहून उठले. निघाले ते थेट जिन्याकडे.

"अहो, एवढा जिना तुम्ही कधी उतरलाय?" बाई धावल्या आणि पुढे होऊन एक पायरी खाली, मास्तरांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लेकीनं मागून मास्तरांच्या कंबरेचा, व्यायामवाल्यानं दिलेला पट्टा धरला. मास्तरांनी डाव्या हातानं कठडा पकडला, काठी लेकीकडे दिली.

"डावा पाय आधी टाका," बाई म्हणाल्या.

"उलटं," मास्तर म्हणाले.

"डावा म्हणतेय मी."

"उलटं."

लेक मागे थबकली. "आई," ती हळू म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. उतरताना अधू आधी."

"मग मी तुला काय सांगतेय मघापासून?" बाई म्हणाल्या.

कंबरपट्ट्यावरची लेकीची पकड बदलली. आधी ती बापाला मागे ओढत होती. आता नुसती धरून राहिली. उजवा पाय खाली, मग डावा. उजवा, मग डावा. मधेच मास्तर दमून भिंतीला टेकले, तर दोघी थांबल्या. काही विचारलं नाही, काही केलं नाही. दम खाऊन झाल्यावर मास्तर पुन्हा निघाले.

दुकानात कव्हरवाला टेप घेऊन उभा होता. गोलमटोल, हसतमुख माणूस. पहिल्या नोकरीचा त्याचा कोट मास्तरांनीच शिवला होता, आणि आरशापुढे पोट आत घेणाऱ्यांत तोही होता. किल्लीवाला दाराच्या चौकटीत टेकून उभा. मास्तरांना जिन्यातून येताना पाहून दोघांची तोंडं उघडीच राहिली. कोणीतरी स्टूल पुढे केलं. मास्तर बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले.

"मास्तर, तुम्ही हो म्हणालात असं तुमच्या लेकीनं सांगितलं, म्हणून आलो," कव्हरवाला म्हणाला. "तुमची हरकत नाही ना?"

"मी विचारते," लेक म्हणाली. ती बापासमोर आली. "बाबा, दुकान द्यायचंय का?"

"हो," मास्तर म्हणाले.

कव्हरवाल्याचा चेहरा खुलला. टेप सर्रकन गुंडाळला गेला. "बघा, झालं तर मग," म्हणत त्यानं हात पुढे केला.

तो हात कोणी घेतला नाही. बाई मास्तरांकडे बघत होत्या. लेक मास्तरांकडे बघत होती. किल्लीवाल्याला दुपारीच बाईंनी खिडकीतून सगळं सांगितलं होतं, तोही बघत होता. कव्हरवाला हात तसाच धरून एकेकाच्या तोंडाकडे पाहायला लागला.

"झालं की," तो म्हणाला.

"थांबा जरा," लेक म्हणाली.

मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. डोळे मिटले. टेबलावर डाव्या हाताची बोटं पांढरी पडली. लेकीचे ओठ आपोआप हलत होते, लहान मुलाला घास भरवताना आईचे हलतात तसे. पण तिनं शब्द पुरवला नाही.

"उलटं," मास्तर म्हणाले.

"म्हणजे काय?" कव्हरवाला गोंधळला.

"म्हणजे नाही," लेक म्हणाली. बोलता बोलता तिनं बापाच्या खांद्याला कपाळ टेकवलं. "नाही म्हणतायत ते. त्या दिवशीही नाहीच म्हणाले होते."

"नशीबवान आहात," किल्लीवाला कव्हरवाल्याला म्हणाला. "मास्तर जन्मात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकाला नाही म्हणाले, तो मान तुम्हाला मिळाला."

माणूस भला होता. त्यानं टेप खिशात टाकला, थोडा खट्टू झाला, मग म्हणाला, "बरं, दुकान नाही तर नाही. दोन विजारी आखूड करून द्याल का?" त्याला पुढे चौकापलीकडे जागा मिळाली.

पुढच्या वेळी ताई आली तेव्हा बाईंनी तिला खाली मान घालून सगळं सांगितलं. ताईनं आधी कपाळावर हात मारला आणि मग ती इतकी हसली, की तिची चित्रं जमिनीवर पसरली. हसून झाल्यावर म्हणाली, "आजोबा, तुमचं हे चांगलंच आहे. पण आपण खरा 'नाही' पण आणू या." मास्तर प्रयत्न करतात. कधी नुसता 'ना' येतो. कधी तोही येत नाही, मग ते खडू फेकतात. कधी रडतात, आणि आता ते उगीचच रडतात असं घरात कोणी म्हणत नाही. उजवी मूठ कात्रीवर अजून मिटत नाही. मिटेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, मिटणार नाही असंही म्हणत नाहीत.

दुकान सकाळी थोडा वेळ उघडतं. कोट शिवत नाहीत. विजारी आखूड करायच्या, चेन बदलायची, उसवलेलं शिवायचं, एवढंच. लेकीनं अट घातली, आईनं चष्मा पेटीतून काढून नाकावर ठेवायचा. बाई आता मशीनवर बसतात. पाय जडच आहे त्यांचा, मशीन कुरकुरत चालते. मास्तर टेबलाशी बसतात. अधू हात कापडावर वजनासारखा ठेवतात आणि डाव्या हातानं सुरकुत्या काढतात. बाईंनी कापड चुकीचं धरलं, की मान वर न करता म्हणतात, "उलटं." बाई कापड फिरवतात.

परवा किल्लीवाला दारात आला. त्याच्या शर्टाचा खिसा सुलटा लागलाय, बाह्या अजून लागायच्या आहेत.

"मास्तर," त्यानं विचारलं, "गुरुवारी मिळेल ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

किल्लीवाला थांबला. बाईंनी मशीनवरचा पाय उचलून धरला. दोघं वाट बघत राहिले. मास्तरांच्या कपाळाला आठी नव्हती. ते आपले कापडावरून हात फिरवत होते, आणि डाव्या बाजूच्या अर्ध्या तोंडानं हसत होते.

दुसरा शब्द काही आला नाही. म्हणजे मिळेलच म्हणायचं. आता तो हो शिंप्याचा आहे, ही गोष्ट वेगळी.